एकशेवीस हर्ट्झचा कंदील

नवऱ्याने आयुष्यात कोणतेही दोन शब्द बोलावेत, पण "मी बघतो" हे दोन बोलू नयेत. मी ते बोललो. तेही सकाळी, चहा पिताना, कोणी आग्रह केलेला नसताना.

भाविका, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली होती, "मला चित्र काढायला एक टॅब लागेल. पेनवाला."

"मी बघतो," मी म्हणालो.

माझा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता. मी जळगावात एका पाइप कारखान्याच्या खरेदी विभागात क्लार्क आहे. आमच्याकडे साधा रबरी वायसर घ्यायचा झाला तरी तीन कोटेशन मागवावी लागतात आणि ती कोणी मागवायची, तर मी. एकवीस वर्षांत माझ्या हातून एकही वायसर चुकलेला नाही. (नळ गळतात, पण तो मेन्टेनन्सचा प्रश्न आहे.)

टॅब कशाला हवा होता, ते सांगतो. भाविका माहेरची रावेरकडची, केळीच्या बागेत वाढलेली. लग्नाआधीपासून मेंदी काढते आणि तिने काढलेली मेंदी धुवायला नव्या नवऱ्या तयार नसतात. मागच्या हंगामात माणकचंदशेठ या सराफांची सून आयुषी एका लग्नात गेली, तिने नवरीचा हात पाहिला आणि वर नवरीकडे पाहायचं सोडून ती हातच बघत बसली. मग भाविकाला शोधून काढून म्हणाली, "भाविकाताई, हे सोन्यात होईल. मला तीन डिझाइन द्या. शेठजींना पसंत पडली तर दर सिझनला तुमच्याकडूनच घेऊ." तारीखही दिली. महिन्याभरानंतरचा सोमवार.

भाविकाने ही बातमी सांगितली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या दिवशी तिने वरणात दोनदा मीठ टाकलं. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. त्यावरून मी ओळखलं की हे काम साधं नाही.

मी कामाला लागलो. बाजारात दोन तऱ्हेचे टॅब असतात, एक मधला आणि एक भारी. भारीला प्रीमियम म्हणतात. मी एकोणीस दिवस व्हिडिओ पाहिले. रोज जेवताना, दाढी करताना, ऑफिसात (पाइप बघतोय असं भासवून) पाहिले. हिरव्या कागदावर कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट तयार केलं. डावीकडे मधला, उजवीकडे भारी, खाली सत्तावीस मुद्दे. ऑफिसात सगळ्यांचं मत घेतलं. डिस्पॅचच्या पितांबरअण्णांना जरा कमी ऐकू येतं.

"अण्णा, मिसेससाठी टॅबलेट घ्यायची आहे. भारीतली घेऊ की मधली?"

"किती दिवसांपासून त्रास आहे?"

"नाही अण्णा, ती टॅबलेट नाही."

"जेनेरिक घ्या," अण्णा म्हणाले. "आत औषध तेच असतं. नावाचे पैसे घेतात लोक."

(आज विचार करता एकोणीस दिवसांत मिळालेला सगळ्यांत अचूक सल्ला हाच होता.)

एव्हाना मी मनाने भारीच्या बाजूला गेलो होतो. कारण विचारलं तर मी रिफ्रेश रेट सांगायचो. भारी टॅबला एकशेवीस हर्ट्झ होते, मधल्याला नव्वद. भाविकाने एकदा विचारलं, "हर्ट्झ म्हणजे काय?"

मी छताकडे बोट केलं. "हा पंखा बघ. एकवर ठेवला तर पाती दिसतात. पाचवर ठेवला तर दिसत नाहीत."

"मग?"

"मग तसंच."

ती थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

खरं कारण वेगळं होतं, तेही कबूल करतो. भारी टॅबचा पडदा असा होता की त्यावर क्रिकेट बघताना मैदानातलं गवत मोजता यावं. भाविका चित्र काढणार दिवसा. संध्याकाळी तो टॅब रिकामाच पडून राहणार होता. माझ्या मनात एवढंच होतं.

खरेदी धुळ्याला करायचं ठरलं, कारण तिथे जीवरामभाऊंचं दुकान आहे. जीवरामभाऊ माझ्या मावसभावाचे मेहुणे. जळगावात टॅब मिळत नाहीत असं नाही, पण आमच्याकडे दहा मिनिटांवरच्या दुकानापेक्षा अडीच तासांवरचा नातेवाईक जवळचा असतो. सोमवारच्या आधीच्या शनिवारी आम्ही एसटीने निघालो. पारोळा येईपर्यंत मी भाविकाला सत्तावीसपैकी एकोणीस मुद्दे समजावून सांगितले. पुढे ती झोपली, तेव्हा उरलेले आठ मी पुढच्या सीटवरच्या गृहस्थांना सांगितले.

"या भाऊ, या वहिनी, बठा," जीवरामभाऊ म्हणाले. "आपलाकडे बठ्ठं शे." बठ्ठं म्हणजे सगळं. त्यांनी दोन्ही टॅब काउंटरवर ठेवले.

मी फाइल उघडली आणि भारी टॅब हातात घेतला. जीवरामभाऊ काहीतरी सांगू पाहत होते, पण मी त्यांना हाताने थांबवलं आणि हर्ट्झपासून सुरुवात केली. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, तीही ऐकायला लागली, त्यामुळे माझा आवाज चढला. शेवटी प्रात्यक्षिक म्हणून मी दुकानातलं पेन उचललं आणि त्या झगमगीत पडद्यावर एक मोर काढला.

सगळे वाकून बघत होते.

"किटली चांगली जमली," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"मोर आहे तो."

"बरोबर," जीवरामभाऊ नात्याला जागून म्हणाले. "वाफ निघी ऱ्हायनी ना, म्हणून किटली वाटनी."

वाफ म्हणजे माझ्या मोराचा तुरा होता.

तेव्हा भाविका पुढे आली. तिने फाइल मिटून बाजूला ठेवली, बांगड्या वर सरकवल्या आणि मधला टॅब पुढ्यात ओढला. तळहात पडद्यावर बिनधास्त टेकवला आणि एकच रेघ काढली, केसासारखी सुरू झाली, मध्ये जाड झाली आणि पुन्हा केसासारखी होऊन संपली. तीच रेघ तिने भारी टॅबवर काढली. मग दोन्ही टॅब घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात गेली, तिथे पुन्हा तीच रेघ. आत आली आणि जीवरामभाऊंना एकच प्रश्न विचारला.

"पेन कोणाच्या खोक्यात येतं?"

"मधलाना खोकामा. भारीनं येगळं घेनं पडस."

"मग मधला द्या. रेघ दोन्हीकडे सारखीच उमटते. कारागिराला सोन्यात रेघच दिसणार आहे, हर्ट्झ नाही दिसणार."

पाच मिनिटंही लागली नाहीत. मी एकोणीस दिवसांत जे सत्तावीस मुद्द्यांत मांडलं, ते तिने एका रेघेत निकालात काढलं. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण त्या गिऱ्हाइकांसमोर तो अभिमान जरा टोचला.

"तुम्ही खोकं घ्या, मी आग्रा रोडवरून बटर पेपर घेऊन येते," भाविका म्हणाली आणि गेली. बटर पेपर, म्हणजे नक्षी गिरवायचा अर्धपारदर्शक कागद, तिला लागत नसला तरी ती घेते, जशी इतर माणसं कोथिंबीर घेतात.

ती दृष्टीआड झाली आणि माझ्यातला थोर नवरा जागा झाला. बायका स्वतःसाठी नेहमी कमी किमतीचंच मागतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तिने मन मारलं असणार. तिला न सांगता भारी टॅब घ्यायचा, उद्या घरी खोकं उघडलं की तिचे डोळे भरून येतील, आणि संध्याकाळी मॅच आहेच.

"भाऊ, वहिनींनी मधला सांगेल शे ना," जीवरामभाऊ म्हणाले.

"तुम्ही भारी बांधा."

"पण पेन..."

"चित्र तिला काढायचं आहे, तिला पेन कमी आहेत का घरात?" मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर बोललो. जीवरामभाऊंनी खोकं पिशवीत घातलं. परतीच्या प्रवासात मी ती पिशवी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसलो होतो.

रविवारी सकाळी भाविकाने अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून खोकं उघडलं. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. तिचे डोळे भरून येण्याची वाट बघत होतो.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"त्याच्यापेक्षा भारी आहे."

तिने टॅब बाहेर काढला, वायर काढली, माहितीचा कागद काढला. मग म्हणाली, "पेन?"

मी व्हिडिओ बंद केला. खोकं उलटं केलं, झटकलं. आतून सिमकार्ड काढायची एक इवलीशी पिन पडली.

"हे एक आहे," मी म्हणालो.

"याने हार काढू?"

घरात दोन बॉलपेन आणि गॅस एजन्सीने दिलेलं एक होतं. पडद्यावर एकही चालेना. मी जीवरामभाऊंना फोन लावला. मागे सनई वाजत होती. "मी शिरपूरले लगीनमा शे," ते म्हणाले. "दुकान आज बंद शे. आणि भाऊ, त्याले कंपनीनंच पेन लागस. ऑर्डर टाकतो, पण आठ दिवस लागतीन. मी काल तेच सांगी ऱ्हायंतू, तुम्ही माले हर्ट्झ समजाडी ऱ्हायंतात."

उद्या सोमवार. मी फोन भाविकाच्या हातात दिला, उठलो आणि चपला घातल्या, तोवर ती जीवरामभाऊंशी दोन वाक्यं बोलली. "मी बघतो," म्हणालो. "गावात कुठे तरी मिळेल."

"चपला काढा," भाविका म्हणाली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आता तुम्ही काही बघायचं नाही. इथे बसा."

मग तिने जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. तिने भारी टॅब टेबलावर आडवा ठेवला आणि कोऱ्या पांढऱ्या चित्राने पडदा भरून टाकला. भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो उतरवला, त्याची काच काढून पुसली आणि टॅबवर ठेवली, म्हणजे हाताच्या दाबाने काही उघडू नये. काचेवर कालचा बटर पेपर पसरला. खालून असा लख्ख, सारखा उजेड आला की कागदावरची केसाएवढी रेघही उठून दिसावी. मुरलेली मेंदीवाली एका मिनिटात चित्रशाळा मांडून मोकळी झाली होती.

अडचण एकच होती. दर अर्ध्या मिनिटाने पडदा विझायचा.

"तुम्ही इथे बसा आणि या कोपऱ्यावर बोट टेकवत राहा," ती म्हणाली. काच एका बाजूला बोटभर सरकवून तिने मला जागा करून दिली. "बोलू नका. टेबल हलतं."

सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत मी बोट टेकवत होतो.

पण त्या सहा तासांत मी जे पाहिलं, ते कोणत्याही पडद्यावर पाहिलं नव्हतं. हार असो की बांगडी, ती अर्धंच काढायची. मग कागद उलटा करून खालच्या उजेडात दुसरी अर्धी बाजू गिरवायची, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत एक. टॅबमध्ये यासाठी बटण असतं (मुद्दा क्रमांक चौदा). पहिला निघाला हार, त्याचं पदक म्हणजे केळफूल. एकेक पाकळी उलगडत गेलेली आणि प्रत्येक पाकळीखाली मोत्यांची रांग, जशी खरी फुलं असतात तशी. मग झुमके, कापसाच्या फुटलेल्या बोंडाचे. शेवटी तुरीच्या शेंगांची बांगडी, शेंगेत दाणे किंचित वर आलेले. मी आयुष्यभर या तिन्ही पिकांच्या मधून एसटीने गेलोय. मला त्यांत कधी दागिना दिसला नव्हता. तिच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत आला तरी हात हलला नाही. मला फार सांगावंसं वाटत होतं. पण बोलायला मनाई होती.

सोमवारी ती कागदाची गुंडाळी घेऊन सराफ्यात गेली आणि दुपारी आयुषीचा फोन आला. भाविकाने स्पीकर लावला.

"ताई, शेठजी केळफूल हातात घेऊन बसले होते. म्हणाले, चाळीस वर्षं केळीच्या मुलखात धंदा केला, पण हे गळ्यात घालायचं आपल्याला सुचलं नाही. तिन्ही पसंत आहेत. प्रत्येक दागिन्याच्या डबीत तुमच्या नावाची चिठ्ठी ठेवायची म्हणालेत. नाव कसं लिहू?"

"भाविका भंगाळे," ती म्हणाली. मग दोन सेकंदांनी, "रावेरची." त्या रात्रीच्या वरणात मीठच नव्हतं. मी वाटीभर पिऊन टाकलं.

पुढच्या शनिवारी मी एकटाच धुळ्याला गेलो, भारी टॅब बदलून मधला आणायला. जीवरामभाऊ भले माणूस, म्हणाले की हा आम्ही काउंटरवर दाखवायला ठेवू. मी त्यांना सगळी हकीगत सांगितली. भाविकाचं कौतुक तर दोनदा केलं. माझंही योगदान होतंच, म्हणून शेवटी तेही सांगितलं, की दर अर्ध्या मिनिटाला बोट टेकवत सहा तास बसलो होतो.

जीवरामभाऊ गोंधळले. "पण पडदा चालू ठेवानी सेटिंग ऱ्हास ना भाऊ. एकदा केली का दिवसभर विझत नही. वहिनींना रविवारीच लगीनमाहून फोनवर सांगेल व्हतं मी. तुम्ही वहिनींकडे फोन दिधा तवय त्यांनी इचारं व्हतं."

घरी आल्यावर मी भाविकाला विचारलं, तुला ती सेटिंग माहीत होती का.

"होती," ती नव्या टॅबवरून मान वर न करता म्हणाली. "पण महत्त्वाचं काम होतं. मला घरात सहा तास शांतता हवी होती."