खुशालराव गुरुजींचा शेकहँड

"मातीचा पुतळा माझ्याकडे आणून द्या, महिन्याभरात त्याला कारकून करून दाखवतो!"

असं खुशालराव गुरुजी अकोल्याच्या जुन्या शहरात ज्याला त्याला सांगत. ते स्वतः शाळेतून निवृत्त झाले होते, पण त्यांचं शिकवणं काही निवृत्त झालं नव्हतं. पूर्वी ते पोरांना पाढे शिकवत, आता नोकरीच्या शोधातल्या पोरांना आयुष्यात पुढे कसं यावं ते शिकवत. फी म्हणून एक पैसाही घेत नसत. फक्त ऐकून घ्यावं लागे. ज्यांनी ऐकलं होतं त्यांचं म्हणणं, की फी परवडली असती!

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे हिवरखेडचा देवमन आला. मॅट्रिक पास, अंगानं ज्वारीच्या धांड्यासारखा सरळ, आणि इतका आज्ञाधारक की 'बस' म्हटल्यावर खाली खुर्ची आहे की नाही हेही पाहत नसे! त्याची आई गोदाबाई त्याला पोचवायला आली होती.

"गुरुजी, दोन जागेवरून वापस आला हा," ती म्हणाली. "आता बैलबाजाराच्या कचेरीत जागा निंघाली हाय. हे बी गेली, तं याचा मामा याले सुरतेले मिलमध्ये घेऊन जाते म्हनते. एकच लेकरू हाय मले. डोयापुढं राहू द्या बाप्पा!"

"निश्चिंत राहा, गोदाबाई. जागा याचीच!" गुरुजींनी शब्द दिला, आणि त्याच संध्याकाळी वर्ग सुरू झाला.

शिकवताना गुरुजी पुस्तकी मराठी बोलत. "देवमन, पहिली गोष्ट. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मोठी माणसं काही करत असतील तर मध्ये तोंड घालायचं नाही. कळलं?"

देवमननं मान डोलावली. तोंड उघडलं नाही. विद्यार्थी हुशार होता!

"आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शेकहँड! रामराम गावात. कचेरीत शेकहँड. समोरचा जेवढं दाबेल, बरोबर तेवढंच आपण दाबायचं. कमी दाबलं तर माणूस भित्रा, जास्त दाबलं तर उर्मट. हात आधी आपण सोडायचा नाही. आणि तोंडावर हसू!"

सराव सुरू झाला. पण देवमनच्या तळव्याला घाम असा सुटे, की गुरुजींचा हात ओल्या साबणावरून निसटावा तसा निसटे.

"हरकत नाही. हातावर स्वच्छ रुमाल ठेवायचा. घाम रुमालाला, हात साहेबाला!" गुरुजी आपल्याच युक्तीवर खूश झाले.

स्वयंपाकघरातून गुरुजींच्या पत्नी कौशल्याबाई ओरडल्या, "अवो, सोडा त्या पोराचा हात! भाकर खायासाठी तरी राहू द्या त्याले!"

मुलाखतीच्या दिवशी गुरुजी स्वतः देवमनबरोबर निघाले. कचेरी बैलबाजाराच्या मैदानाच्या कडेलाच होती. साहेब अमरावतीहून नुकतेच बदलून आलेले, त्या दिवशी अजून कचेरीत पोचायचे होते. वेळ होता म्हणून गुरुजी मैदानात शिरले.

"चल, तुला प्रत्यक्ष दाखवतो. अनोळखी माणसाशी शेकहँड करून त्याला आपलंसं कसं करावं ते बघ. अशानंच माणसं जोडली जातात."

आता या बाजाराची एक रीत सांगायला हवी. इथे बैलाचा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि घेणारा एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत, आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवत. भोवतालच्या गर्दीला दिसे तो फक्त हलणारा रुमाल! अकोल्यात हे कुणालाही ठाऊक. पण गुरुजींची हयात खडू आणि फळा यांच्यात गेलेली. बैल त्यांनी पाहिला तो पोळ्याला, आणि तोही गच्चीवरून.

गुरुजींनी मैदानावर नजर फिरवली. लांब कोट, काळी टोपी, पांढऱ्याशुभ्र मिशा असा एक रुबाबदार गृहस्थ एका खिलारी जोडीजवळ उभा होता. हा नत्थुजी, बाजारातला सगळ्यात मुरलेला दलाल! गुरुजींना तो एखादा प्राचार्य वाटला. त्यांनी हातावर रुमाल अंथरला, चेहऱ्यावर हसू अंथरलं, आणि हात पुढे केला.

नत्थुजीनं रुमालाकडे पाहिलं. मग गुरुजींच्या धुतलेल्या धोतराकडे पाहिलं. 'मोठं गिऱ्हाईक!' असं मनात म्हणत त्यानं हात धरला, रुमाल दोघांच्या हातांवर नीट पसरला, आणि जोडीची पार आभाळाला टेकलेली किंमत दाबली.

गुरुजींनी बरोबर तेवढंच दाबलं.

नत्थुजी चपापला. बाजारात पहिला भाव कबूल करणारा माणूस त्याला जन्मात भेटला नव्हता! चुकून झालं असेल म्हणून त्यानं पुन्हा दाबलं, थोडं चढवूनच. गुरुजींनीही थोडं चढवून दाबलं, आणि वर हसले.

देवमनला रुमालाखालचा सौदा समजत होता. तो खोकला.

"मुलाखतीत खोकायचं नाही!" गुरुजी हात न सोडता कुजबुजले.

"पक्कं ना मालक?" नत्थुजीचा आवाज आनंदानं थरथरत होता.

"अगदी पक्कं!" गुरुजी म्हणाले. लगेच नत्थुजीनं बैलजोडीचे कासरे त्यांच्या हातात दिले. गुरुजींना वाटलं, गृहस्थाला जरा कुठे जायचं असेल, विश्वासानं बैल धरायला दिले. किती चटकन आपलेपणा निर्माण झाला!

आणि मग ती बातमी बाजारात वाळल्या कडब्याला आग लागावी तशी पसरली. पहिल्या भावात घेणारा शेठ आलाय! दलाल रुमाल झटकत धावले. गुरुजींभोवती रांग लागली. एकानं हात धरला, गुरुजींनी दाबला. दुसऱ्यानं धरला, गुरुजींनी दाबला. डाव्या हातात कासरे वाढत चालले. एक म्हैस तर येऊन गुरुजींच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

"पाहिलंस देवमन? किती माणसं जोडली!" घामानं निथळत गुरुजी म्हणाले.

देवमननं खोकून खोकून घसा फोडला होता. पण गुरुजींनी विचारलं होतं, म्हणजे आता बोलायला परवानगी!

"गुरुजी, मानसं नाई, जनावरं जोडली! तुमी दोन जोड्या बैल आन् एक म्हैस इकत घेतली!"

गुरुजींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. पुस्तकी मराठी तर पार मोर्णा नदीत वाहून गेली. "अरे बाप्पा! लेका, मंग तू बोलला काहून नाई?"

"तुमीच म्हनलं ना, मोठ्यायच्या मधात तोंड घालाचं नाई. आन् खोकलो तरी तुमी थांबले नाई, मंग मले वाटलं, तुमाले पाह्यजेतच!"

"म्हैस कायले पाह्यजे मले? दोन खोल्यायचं घर हाय माहं!"

खिलारी जोडीची मालकीण पार्बताबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "ओ नत्थुजी, या मानसाले मी माहे बैल देत नाई! केव्हाचं पाहून राहिली, कासरा असा धरते जसा साप धरला!"

"सौदा झाला, आता कोनी मोडू शकत नाई!" नत्थुजी गरजला. बाकीचे दलालही गरजले. म्हैसही गरजली. आणि नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप मैदानात येऊन थांबली.

साहेब खाली उतरले. "काय गोंधळ आहे? रुमालाखाली सौदे? या महिन्यापासून ते बंद केलेत ना! भाव मोठ्यानं बोलायचा, सर्वांच्या देखत. नियम मोडणारा गृहस्थ कोण?"

सगळी बोटं एका दमात गुरुजींकडे वळली.

गुरुजींना दंडाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती मागे उभी होती. हा मुलगा आपल्याबरोबर दिसला तर त्याची जागा गेली! गोदाबाईला दिलेला शब्द गेला! लेकरू चाललं सुरतेला! त्यांनी छाती पुढे काढली.

"मीच तो. दंड करा. पण हा मुलगा माझ्याबरोबर नाही. मी याला ओळखतसुद्धा नाही!"

साहेबांनी देवमनकडे पाहिलं. "खरं आहे का रे?"

देवमननं एकदा जीपकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे. गुरुजी डोळ्यांनी 'हो म्हण, हो म्हण' करत होते.

"खोटं हाय साहेब!" देवमन खणखणीत आवाजात म्हणाला. पलीकडच्या कोपऱ्यातले बैलसुद्धा वळून पाहू लागले. "हे माहे गुरुजी हायेत. मले तुमच्या कचेरीत नोकरी लागावी म्हनून शेकहँड शिकवून राहिले होते. घाम येते म्हनून रुमाल ठेवला. यायले बैलातलं काई समजत नाई. दंड करता तं मले करा, मले समजत होतं तरी मी उगा राहिलो!"

मग पार्बताबाई पदर तोंडाला लावून हसू लागली, नत्थुजीच्या मिशा हलू लागल्या, आणि शेवटी साहेबांनी जीपचा आधार घेतला.

"गुरुजी, सगळे कासरे परत द्या. एकही सौदा झालेला नाही," डोळे पुसत साहेब म्हणाले. "आणि तू रे, काय नाव तुझं? देवमन? या बाजारात भाव मोठ्यानं पुकारायला मला माणूस हवाय. दलालांसमोर न घाबरता खरं बोलणारा. सोमवारपासून ये."

गुरुजी जुन्या शहरात परतले ते जवळजवळ उडतच! दिलेला शब्द खरा झाला होता. मुलगा कसा बोलला ते कौशल्याबाईंना कधी सांगतो असं त्यांना झालं होतं. पण ते गल्लीत वळले आणि जागीच थबकले.

दारात सडा-रांगोळी. कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्या. शेजारच्या बाया गोळा झालेल्या. आणि उंबऱ्यावर, नव्या जनावरांच्या पायांवर घालायचा पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून, हातात ओवाळणीचं ताट घेतलेल्या कौशल्याबाई! बाजारातली बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती, पण अर्धीच.

"मले आधी सांगाचं तरी! म्हैस कुठं बांधाची म्हनून किती धावपळ झाली माही!" त्यांनी गुरुजींच्या मागे वाकून पाहिलं. "बैल कुठं हायेत?"

"नाई आले. मी घेतलेच नाई. पन आपल्या देवमनले नोकरी..."

"घेतलेच नाई? गल्लीभर बाया जमा केल्या मी! आता ओवाळू कोनाले?"

कौशल्याबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे नखशिखांत पाहिलं.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "उभे राहा तितंच. आधी पाय पुढं करा."

गुरुजींनी मुकाट्यानं पाय पुढे केले, पाणी पडू दिलं, आणि कुंकू लावायला सोपं जावं म्हणून मान खाली घातली.