शाळेची घंटा घरून

"ज्यांना घरून करण्यासारखं काम नाही, त्यांना शाळा उघडेपर्यंत बिनपगारी रजा," मोठ्या बाई फोनवर म्हणाल्या आणि शाळेच्या शिपाईमामांच्या हातातली मटारची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वाईट बातमीसुद्धा त्या शुद्धलेखन घातल्यासारखी सांगायच्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

लॉकडाऊन लागल्यापासून शाळा फोनवर भरत होती. शिक्षक घरून शिकवत, मुलं घरून जांभया देत, कारकून घरून चुका करत. मामांची कामं मात्र सगळी शाळेच्या भिंतींना चिकटलेली. कुलूप, झाडू, पाण्याची टाकी. आता घरी बसून शाळा कशी झाडणार?

"बाई, मी घंटा देतो ना! घरून!" मामा बोलून गेले. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"घरून घंटा?"

"मग? तास कधी सुरू झाला, कधी संपला, मुलांना कळायला नको? शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

शिस्त म्हटलं की बाई विरघळत. त्या स्वतः सातवीला गणित शिकवायच्या. त्या वर्गात आठवडाभर घंटा वाजवून बघायची आणि शनिवारी संस्थेच्या अध्यक्षांनी वर्गात बसून निकाल द्यायचा, असं ठरलं. निकाल चांगला लागला तर नोकरी, नाहीतर मटार आहेतच.

मामांनी शाळेतून ती पितळेची जाडजूड घंटा उतरवली, सायकलला बांधली आणि निघाले. चौकात पोलिसाने अडवलं.

"कुठे निघालात?"

"कामावर."

"कुठे आहे काम?"

"घरी."

"मग घरी चाललात की कामावर?"

"साहेब, तेच तर कुणाला कळेनासं झालंय," मामा म्हणाले. पोलिसाने सुस्कारा टाकला आणि त्यांना सोडून दिलं.

घंटा गॅलरीतल्या कपड्यांच्या दांडीला टांगली गेली. "आणि कपडे कुठे वाळत घालू? घंटेवर?" मामी म्हणाल्या. मामांनी घंटेची दोरी आणखी आवळली. बिनपगारी रजेची धास्ती आणि बायकोची धास्ती यांत त्यांनी पहिलीला जास्त मान दिला होता, आणि हे त्यांच्या संसारात प्रथमच घडत होतं.

सोमवारी मामा गणवेश चढवून गॅलरीत उभे राहिले. समोर साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन, फोनमध्ये सातवीचा वर्ग. वेळ झाली. मामांनी लाकडी हातोडा उचलला आणि ठण! ठण! ठण! फोनमधली मुलं क्षणात पसार झाली. लगेच बाईंचा फोन आला. "मामा, खणखणीत! अगदी शाळेत असल्यासारखं वाटलं."

मामांच्या जिवात जीव आला. पण ज्यांचा जीव जायची वेळ आली होती, असेही काही होते. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी अंगावर चहा सांडून घेतला. ते कुठल्याशा कंपनीत हिशेब तपासायचे आणि हल्ली ते काम जेवणाच्या टेबलावर चालायचं. भांडायला म्हणून ते तरातरा खाली आले, तोंडाला रुमाल बांधून.

"हा काय प्रकार आहे, मामा?"

"मधली सुट्टी झाली, साहेब."

"मधली सुट्टी?" साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या. किती दिवसांत त्यांना कुणी सुट्टी दिली नव्हती! घरून काम सुरू झाल्यापासून सकाळ कुठे संपते आणि रात्र कुठे सुरू होते, याचा पत्ता नव्हता. जेवताना मीटिंग, मीटिंगमध्ये जेवण. ते मुकाट्याने वर गेले, लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत उभं राहून डबा खाल्ला. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बायकोने भरून दिलेला.

बघता बघता सगळी इमारत घंटेवर चालायला लागली. पहिल्या घंटेला लोक आंघोळीला पळत. मधल्या सुट्टीत गॅलऱ्या भरून जात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा चालत. शेवटच्या घंटेला तर एकामागून एक लॅपटॉप फटाफट मिटत. तळमजल्यावरच्या निवृत्त आजोबांना काहीच काम नव्हतं, पण शेवटच्या घंटेला तेही "चला, सुटलो" म्हणत. वस्तीत मामांचा मान असा वाढला की मामींनी कपड्यांचा विषय काढणं सोडलं.

मान वाढला की वशिले येतात. शनिवारी अध्यक्ष वर्गात हजर असताना वरच्या साहेबांची कुजबुज आली.

"मामा, आमचे बॉस मीटिंगमध्ये सकाळपासून एकच तक्ता दाखवतायत. जरा लवकर वाजवा ना!"

"ही शाळेची घंटा आहे, साहेब. मागाल तेव्हा वाजत नाही."

"अहो, एक टोला मारून टाका की," मामी म्हणाल्या. "वरच्या वहिनींनी कालच केक पाठवलाय."

"टोला असा सुटा मिळत नाही!" मामा गरजले.

तत्त्वाला जागले खरे, पण त्यामुळे अंगात चढलं. अध्यक्षांना दाखवूनच देऊ म्हणून वेळ झाल्यावर त्यांनी हातोडा असा काही हाणला की गॅलरी थरथरली, डबा कलंडला आणि फोन सांडलेल्या साखरेत पालथा पडला. मामांना पत्ताच नाही. ते डोळे मिटून वाजवतायत.

फोनमध्ये काय घडलं, ते त्यांना साखर झटकल्यावर ऐकू आलं.

"चला, सुट्टी झाली!" बाई म्हणत होत्या. मुलं मात्र जागची हलत नव्हती.

"कशावरून झाली?" अध्यक्षांनी विचारलं.

"अहो, घंटा झाली ना! एवढी मोठी!"

"मला तर एकही टोला ऐकू आला नाही."

मग फोनवरचा वर्ग जोडून देणारे कॉम्प्युटरचे सर चाचरत बोलले. "बाई, घंटा कधीच ऐकू आलेली नाही. फोन तिला गोंगाट समजतो आणि आवाज गाळून टाकतो. मुलं मामांचा हात बघून उठतात. आज हात दिसला नाही."

"पण मी तर रोज ऐकते!"

"तुम्ही राहता कुठे?" अध्यक्षांनी विचारलं.

"मामांच्या मागच्या गल्लीत," बाई म्हणाल्या आणि म्हणता म्हणताच थांबल्या.

गोंगाट! मामांना तो शब्द गालावर बसल्यासारखा लागला. उभा जन्म घंटा वाजवण्यात गेला होता. त्यांच्या टोल्यावर मुलं मोठी झाली, कुणी डॉक्टर झालं, कुणी वकील. आणि फोन म्हणतो, गोंगाट. त्यांचे डोळे भरून आले. मामींनी त्यांच्या बाहीवरची साखर झटकली.

अध्यक्षांनी निकाल दिला. सोमवारपासून वेळ झाली की कॉम्प्युटरचे सर पडद्यावर घंटेचं चित्र दाखवतील. मामांनी घंटा बंद ठेवावी आणि रजेवर जावं.

सोमवारी मामा मटार घेऊन बसले. पण सवयीने फोन हातात आला, सवयीने ते वर्गात शिरले. बाई नेहमीप्रमाणे घरातल्या फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून शिकवत होत्या. आयुष्यभर त्या अशाच शिकवत आल्या होत्या. सुट्टी बघायची त्यांना सवयच नव्हती, ती ऐकायची असते. पडद्यावर घंटेचं छान पिवळं चित्र आलं. मुलं पसार झाली. बाईंनी नवं उदाहरण लिहायला घेतलं.

मामांची पाचावर धारण बसली. सांगावं तरी पंचाईत, कारण तास चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा बाईंचाच नियम. मग काय करणार? ते हाताची घडी घालून बसून राहिले. वर साहेबांची तक्त्याची मीटिंग चालूच होती, मधली सुट्टी न झाल्याने इमारत उपाशी होती आणि बाई फळा भरत होत्या, पुसत होत्या, पुन्हा भरत होत्या.

अखेर त्या वळल्या. "समजलं का सगळ्यांना?"

पडद्यावर एकच चौकट होती. तीत मामा होते.

"मुलं कुठे गेली?"

"जेवून झोपलीसुद्धा असतील, बाई."

"मग इतका वेळ मी शिकवत कुणाला होते?"

"मला."

बाई खुर्चीत बसल्या. घसा पार बसला होता. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली.

"अपूर्णांकाचा भागाकार कसा करतात?"

"दुसऱ्याला उलटं करायचं आणि गुणायचं," मामा उभं राहून म्हणाले. "शाळेत असताना कधी कळलं नव्हतं. आज कळलं."

"बसा." बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अध्यक्षांशी मी बोलते. मुलांना चित्र पुरे आहे, मामा. शिस्त मला लागते. उद्यापासून रोज वाजवायची."

"उद्यापासून, बाई?"

"आत्ता वाजवा आधी!" बाई घोगऱ्या आवाजात ओरडल्या. "भूक लागलीय मला!"

मामा धावले. मामींनी दांडीवरच्या ओल्या चादरी खसाखसा ओढून वाट मोकळी केली. टोला पडला आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की तो मागच्या गल्लीतही ऐकू गेला असणार.