दहापैकी तीन

सकाळी धाकट्या जावेने टेबलावरचा कागद उचलला. तिच्या खासगी शाळेतल्या मुख्याध्यापिकेने भरून दिलेली शिक्षण खात्याची प्रश्नावली होती ती, या आठवड्यात तिला कचेरीत पोचवायची. तिच्यावर लाल शाईत शेरा होता : ‘प्रश्न नीट वाच. उत्तर स्वतःच्या मनाने लिही. दहापैकी तीन.’

अक्षर थोरल्या जावेचं. ती सरकारी शाळेत तिसरीला शिकवायची. काल संध्याकाळी तिने चाचणीचे पेपर याच टेबलावर तपासले होते.

“ताई, हे काय केलंत?”

थोरलीने चष्मा चढवला. “अगंबाई, गठ्ठ्यात मिसळला वाटतं. कागद पुढे आला की हात चालतो गं माझा. पण बघ की, ‘शिकवण्याची प्रेरणा कशातून मिळते?’ तर म्हणे, ‘व्यवस्थापनाच्या मार्गदर्शनातून’. तीन दिले तेच पुष्कळ.”

“मला कायम करायची फाइल आमच्या मॅडमकडेच सहीला आहे, ताई.”

थोरली कापूस आणायला उठली. मग दोघींनी ओल्या कापसाने शेरा पुसायला घेतला. शेरा पसरला, कागद गुलाबी झाला आणि ‘तीन’ तेवढा ठसठशीत उरला.

शाळेत गेल्यावर धाकटीने जे घडलं ते खरं सांगून टाकलं. मॅडमनी कागद दोनदा वाचला.

“तीनच?”

“चूक झाली, मॅडम.”

“कोरी प्रश्नावली द्या. आणि बाहेर बसा.”

बाहेरच्या बाकावर बसलेल्या धाकटीची मान वळून वळून काचेकडे जात होती. आत मॅडम पेनचं टोक चावत बसल्या होत्या.

तासाभराने घडी घातलेला कागद हातात आला. “जाऊबाईंना दाखवा. तुम्ही वाचू नका.”

घराच्या वाटेवर पहिल्याच वळणाला धाकटीने तो वाचला. ‘पहिलीतलं पोर फाटकावरची पाटी स्वतःहून वाचतं आणि बाईंनी ऐकलं का म्हणून वळून बघतं. त्या बघण्यासाठी मी शिकवत होते. या खुर्चीत आल्यापासून कुणी वळून बघत नाही.’

थोरलीने चष्मा काढून डोळे पुसले आणि नऊ दिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आधी मार्क पाहिले. मग फाइल ओढून सही केली. पेनचं टोपण लावता लावता विचारलं, “एक कशाचा कापला?”

“पूर्ण दिले की पोरं पुढच्या वेळी मन लावून लिहीत नाहीत, असं ताई म्हणतात.”

मॅडमनी कागद पुन्हा हातात घेतला.

“पुढची प्रश्नावली कधी येणार आहे हो?”