फुलपाखरं रंगवणारी

डिचोलीत आमच्या शेजारी कुमुदताई राहतात. त्यांच्याकडे गेलात, तर चहाच्या आधी हातात भिंग येतं. सकाळी पाव घालणारा पोदेर, गॅसवाला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे, कुणाची सुटका नाही. "आधी पळय, मग बोल," हा ताईंचा कायदा.

पाहायची ती फुलपाखरं. जुन्या विलायती पुस्तकातली पानं ओटीच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली आहेत. ताईंच्या वडिलांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून देवांच्या तसबिरींसाठी जुन्या फ्रेमी आणल्या, त्यांत ही निघाली. लहानग्या कुमुदनं ती काढूच दिली नाहीत. देव बिचारे कित्येक वर्षं खळीनं भिंतीला चिकटून राहिले.

आता फुलपाखरांचं वेड म्हणावं, तर तेही नाही. अंगणातल्या लिंबावर खरं फुलपाखरू येऊन बसलं तरी ताई मान वर करत नाहीत. या चित्रांच्या रेघा तेवढ्या छापलेल्या. रंग प्रत्येक पानावर हातानं भरलेला. तिकडे विलायतेत हे काम बऱ्याचदा बायका आणि मुली करत, असं कुणीतरी ताईंना सांगितलं आणि तेव्हापासून त्यांचा त्या मुलींशी घरोबा झाला.

"हे चेडू घाईत होतं. रंग रेघेबाहेर गेला बघ." "ही शाणी. निळा कसा पुरवून पुरवून वापरलाय!"

एका पिवळ्या पंखावर रंगाचा थेंब सांडलाय. शेजारची काहीतरी बोलली, ही हसली, कुंचला हलला, असा त्याचा अख्खा इतिहास ताईंकडे तयार आहे. "मग ओरडा खाल्ला असेल गो बिचारीनं!" म्हणताना त्या आपल्याकडे अशा बघतात, की आपणच ओरडलो असं वाटावं.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या एका वाचनालयानं जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. ताईंची फुलपाखरं मांडीवर घेऊन मी रिक्षानं पोचवली. चित्राखालच्या चिठ्ठीवर काढणाऱ्याचं नाव होतं, छपाईसाठी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्याचं होतं. ताईंनी ते वाचलं आणि सरळ फ्रेम उतरवायला लागल्या.

"रंगवणारी खंय गेली?"

"ताई, तिचं नाव कुठंच मिळत नाही हो," संयोजक काकुळतीला येऊन म्हणाला.

"नाव नाही म्हणून ती नव्हती?"

मग त्यानं खिशातलं पेन काढून चिठ्ठीवर लिहिलं, 'रंग: एक मुलगी.'

फ्रेम पुन्हा खिळ्यावर चढली. दिवसभर ताई शेजारी खुर्ची टाकून बसल्या, नवरीच्या आईसारख्या. येईल त्याला मुलीचं कौतुक ऐकावं लागलं.

संध्याकाळी आम्ही चालत परतलो. ताईंच्या भावाची गणपतीच्या मूर्ती घडवायची चित्रशाळा आहे. पाटीवर नाव भावाचं. पण चवथीच्या आधी सगळ्या मूर्तींचे डोळे ताईच रंगवतात. मी सहज म्हटलं, "ताई, तुमचं नाव तरी कुठं आहे?"

"देवाचं काम रे. त्यात नाव कसलं? दीड दिवसात पाण्यात जातं."

चढावर त्या थांबल्या. मला वाटलं, दम लागला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "यंदा तुमच्या गणपतीचे डोळे... कोणी काही बोललं?"

"आई बोलली ना. म्हणाली, त्या डोळ्यांकडे बघता बघता आरतीचे शब्दच विसरले."

ताई काही पावलं चालल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "काय म्हणाली? परत सांग बघू."