'येतो' म्हणून निघालेली माणसं

परक्या देशात जाऊन तिथल्या लोकांना बोलायचं वळण लावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर आता पाहून घ्या. मीच तो! ते वळण नंतर कुठल्या खड्ड्यात गेलं, ते सांगतो.

आमच्या सूनबाईला परदेशातल्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली. तिच्या पाठोपाठ चिरंजीव, नात आणि मी, असं अख्खं बिऱ्हाड विमानात चढलं. सुरुवातीचे काही महिने परीक्षेचे होते. मेट्रनबाईंच्या मनात भरली तर नोकरी कायम आणि आमचा मुक्कामही कायम. नाही भरली, तर चौघांनी बोचकी बांधून परत!

तिकडच्या भाषेची परीक्षा सूनबाईनं आधीच झोकात पास केली होती. कुणाचं हाड सरकलं, कुणाला कशानं पुरळ उठलं, कुणाचं पोट कधीपासून साफ नाही, सगळं घडाघडा सांगायची. तिचे शब्द पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. त्या नादात निम्मी भाषा माझ्याच पोटात गेली. उरलेली निम्मी मी अंदाजानं बोलतो. अंदाज माझा पहिल्यापासूनच दांडगा!

पहिल्या ड्यूटीच्या सकाळी सूनबाई बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "बाबा, संध्याकाळी घरी निघताना पेशंटना काय म्हणू? पुस्तकात निरोपाचा शब्द दिलाय, तोच म्हणते."

"थांब!" मी शब्दकोश उघडला. शब्द दिसला की त्याची कुळी शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. कुळी सापडली आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. त्या शब्दाचा मूळ अर्थ होता, 'देवाच्या हवाली'!

"अगं बाई!" सूनबाई दचकली. तिचा वॉर्ड हाडं मोडलेल्या म्हाताऱ्यांचा.

"खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दिवेलागणीला देवाच्या हवाली करणार तू? हाय खाईल बिचारा!"

"मग सरळ 'जाते' म्हणू?"

"जाते? आपल्या घरात कुणी 'जातो' म्हटलंय कधी? जाणारा जातो तो कायमचा! आपण 'येतो' म्हणतो. तूही तेच म्हण, त्यांच्या भाषेत."

चिरंजीव भांडी विसळत होते. म्हणाले, "बाबा, त्यांना कळेल का पण?"

"माया कळायला व्याकरण लागतं होय रे?"

हे वाक्य मी असं काही टाकलं की चिरंजीवांच्या हातून बशी निसटली. सूनबाईलाही पटलं. "येते हं!" म्हणून ती गेली.

घरातल्या सगळ्यांना मी हाच नियम लावला. आणि काय सांगू तुम्हाला, तिथल्या लोकांचा प्रेमळपणा बघून मी थक्क झालो! आमच्या खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायच्या. जिन्यात भेटल्या की दोन शब्द व्हायचे. जिन्यातला दिवा आपला आपण विझायचा, म्हणून बोलणं थोडक्यात आटपून मी म्हणायचो, "बरंय, येतो!" आणि वर निघून यायचो. तर बाई आपलं दार सताड उघडं ठेवून आत जायच्या! मी कठड्यावरून वाकून बघायचो. आत टेबलावर दोन कप मांडलेले, दोन खुर्च्या समोरासमोर. बाई एका खुर्चीवर आणि दुसरी रिकामी. बाई एकट्याच चहा पिताहेत आणि अधूनमधून दाराकडे बघताहेत.

"काय गं ही रीत?" मी नातीला विचारलं. "एकटं माणूस दोन कप कशाला मांडतं?"

"विचारा की त्यांनाच, आजोबा!"

"छे! असं विचारतात होय?"

पाववाल्याचंही तेच. पाव घेतला, "येतो!" म्हटलं, की हा माणूस दुकान बंद करायची वेळ झाली तरी शटर अर्धवट धरून रस्त्याकडे टक लावून उभा. एकदा तर मी बसथांब्यावर एका गृहस्थांना 'येतो' म्हटलं आणि समोरची बस पकडली. त्यांनी आपली बस सोडली! मागच्या काचेतून पाहिलं, तर माणूस ठिपक्याएवढा होईपर्यंत तिथेच उभा. निघालेल्या माणसाच्या वाटेकडे इतका वेळ डोळे लावून बसणारा समाज मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. या विषयावर एखादं व्याख्यान द्यावं, असं माझ्या मनात घोळत होतं.

तेवढ्यात एका संध्याकाळी सूनबाई घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. पर्स खुर्चीत टाकली आणि म्हणाली, "मेट्रनबाईंनी बोलावून झापलं. म्हणाल्या, तू पेशंटना खोटी आशा लावतेस. हे असंच चाललं तर नोकरी कायम करणार नाही."

"खोटी आशा? कसली?"

"तेच कळत नाहीये ना, बाबा! मी विचारलं, तर म्हणाल्या, 'तुझं तुला माहीत!' चादरी मी बदलते, औषध वेळेवर देते, पाठ पुसून देते. आणखी काय करू?" आणि तिचे डोळे भरले.

चिरंजीवांनी कपाटावरच्या रिकाम्या बॅगांकडे नुसतं पाहिलं. मला ते बघवेना.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मेट्रनबाईंशी मी बोलतो."

"नको!" नवराबायको एका सुरात ओरडले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी मेट्रनबाईंच्या खोलीत हजर! बाई उंच, ताठ, सलाईनच्या स्टँडसारख्या. छातीवर घड्याळ लावलेलं, तेही उलटं. किती वाजले ते बघायला मी मान वाकडी केली, तर बाईंनीही केली. मला मानेचा आजार आहे असं वाटलं असावं त्यांना.

"तुमची सून कामाला चोख आहे," बाई म्हणाल्या. "पण शब्द पाळत नाही. संध्याकाळ झाली की माझा अर्धा वॉर्ड तिची वाट बघत बसतो! एक आजीबाई केस विंचरून घेत नाहीत, 'ती येणार आहे' म्हणतात. एक आजोबा बाही वर करून बसतात, दुसऱ्या नर्सला रक्तदाब मोजू देत नाहीत. आणि ते बँडवाले! आयुष्यभर बँडात तुतारी वाजवली त्यांनी. जेवणाचं ताट आलं की, 'आधी तिला येऊ दे' म्हणून गर्जना करतात. बाकीचेही चमचे खाली ठेवतात!"

"बाई," मी छाती काढून म्हणालो, "आमच्या घरात दिलेला शब्द कुणी मोडत नाही. मी स्वतः मोडलेला नाही!"

बाईंचा चेहरा जरा निवळला. "असं म्हणता? मग मोठ्या डॉक्टरांना बोलावते. त्यांच्यासमोर बोला. तिचं कायम करायचं की नाही, ते आजच ठरवू."

डॉक्टर शब्द ऐकला की माझा रक्तदाब चढतो. शिवाय मुद्दा सांगून झालाच होता. मी उठलो, हात जोडले, "येतो!" म्हणालो आणि बाहेर पडलो.

खाली इस्पितळाचं दार होतं ते माणूस बघून आपोआप उघडणारं. त्याला माणूस नेमका कळतो कसा, हे मला केव्हापासून शोधायचं होतं. मी समोरून गेलो, उघडलं. पाठमोरा गेलो, उघडलं. बसून सरकत गेलो, तरी उघडलं! आता आडवं पडून बघावं म्हणून मी जमिनीवर अंग टाकलं, तोच डोक्याशी दोन पांढरे बूट येऊन थांबले.

"आम्ही वर तुमची वाट बघतोय!" मेट्रनबाई कडाडल्या. "मोठे डॉक्टर ऑपरेशन सोडून येऊन बसलेत! तुम्ही 'येतो' म्हणालात ना?"

"म्हणालो ना! 'येतो' म्हणालो म्हणून तर निघालो!"

बाई माझ्याकडे बघताहेत, मी बाईंकडे. दार आपलं उघडतंय, मिटतंय.

"म्हणजे," बाई एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "तुम्ही 'येतो' म्हणता तेव्हा जाता?"

"अर्थात!"

"आणि तुमची सूनही?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शिंपीणबाईंचा दुसरा कप, पाववाल्याचं शटर, बसथांब्यावरचा ठिपका, सगळे डोळ्यांसमोरून रांगेनं गेले. मी जमिनीवरूनच बाईंना सगळं समजावलं. आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणजे आता जातो, पण पुन्हा येईन, तुम्हाला सोडलेलं नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग हात देऊन मला उठवलं आणि तडक वॉर्डात जाऊन प्रत्येक खाटेशी ते समजावून सांगितलं. आजीबाईंनी डोळे टिपले. बँडवाले म्हणाले, "तरीच! रोज सकाळी येतच होती की ती!" आणि त्यांनी तो शब्द आमच्या भाषेत शिकायचा हट्ट धरला. शिकवायला मी होतोच. त्यांचा 'येतो' असा काही खणखणीत लागायचा की शेजारच्या वॉर्डातले पेशंट जागे व्हायचे!

पुढे बँडवाले बरे झाले. घरी निघाले, तेव्हा दारात थांबून, काठी उंचावून सगळ्या वॉर्डाला म्हणाले, "येतोऽऽ!"

मी टाळ्या वाजवल्या. सूनबाईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. माझ्या कानाशी येऊन ती कुजबुजली, "बाबा! दवाखान्यातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे नाही शिकवलंत त्यांना?"

आता हा माणूस दिलेला शब्द पाळणारा निघेल, हे मला काय ठाऊक? त्याच आठवड्यात आला की हो परत! दुसरा पाय मोडून! स्ट्रेचरवरून मला बघून हात काय हलवतोय, "आलो!" काय म्हणतोय!

मेट्रनबाईंनी सूनबाईला खोलीत बोलावलं. आम्ही तिघं बाहेर बाकावर, एकमेकांकडे न बघता बसलो. चिरंजीवांनी तर बॅगांची कुलपं शोधायचीही तयारी केली होती. दार उघडलं. सूनबाई हसत होती.

"झाले कायम!"

"मी म्हटलं नव्हतं?" मी उठलोच.

"एक अट घातलीय त्यांनी पण. तुमच्यासाठी."

तेव्हापासून सूनबाई रोज संध्याकाळी वॉर्डात 'येते हं!' म्हणते आणि सगळे खुशीत जेवतात. मी मात्र भेटायला गेलो की निघताना दारात उभं राहायचं, छातीवर दगड ठेवायचा आणि आमच्या सात पिढ्यांत कुणी म्हटलं नाही ते मोठ्यानं म्हणायचं, "जातो!"

आणि सगळा वॉर्ड टाळ्या वाजवतो हो!