अक्कांची अर्धवट मुलाखत

मुलाखत घेणाऱ्या बाईंना मी मुलाखतीतच झोपवलं. अक्षरशः. घोरेपर्यंत.

तेव्हा मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत चांगल्या दवाखान्यात इंटर्नशिप मिळव, नाहीतर काकांच्या कांद्याच्या आडतीवर बस, असा वडिलांचा सरळ हिशेब होता. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा आणि खाली कांदा. तो वास ज्याने एकदा घेतलाय त्याला माझी तळमळ कळेल.

त्या खासगी दवाखान्यात जागा एकच होती आणि ती अक्कांच्या हातात होती. अक्का म्हणजे तिथल्या मेट्रन, महादेवी सिस्टर. अक्कलकोटकडच्या. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी वळणाचं. समोर कुणीही असो, तो 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. मोठ्या डॉक्टरांनाही त्या चारचौघांत "तम्मा, हात धुतलास का?" असं विचारायच्या, आणि डॉक्टर निमूट बेसिनकडे वळायचे.

मुलाखतीत प्रश्न विचारणं अक्कांना मान्य नव्हतं. "पुस्तकातलं काय, पोपट पण सांगतंय." त्या सरळ रिकाम्या खाटेवर आडव्या व्हायच्या, चादर ओढून घ्यायच्या आणि पेशंट व्हायच्या. पुढचं उमेदवारानं बघायचं. माझा मित्र शिवानंद माझ्या आधी आत गेला, तेव्हा त्या मंद्रूपच्या बीपीवाल्या आजी झाल्या होत्या. त्याने बीपी घेतलं, पथ्य समजावलं, मीठ कमी करा म्हणून छोटंसं भाषणही दिलं. अक्कांनी उठून उशी उचलली. खाली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

"पेशंट खोटं बोलतंय तम्मा, उशी खरं बोलतंय. जा."

शिवानंद बाहेर येऊन मला म्हणाला, "उशी बघ बे. बाकी काय न्हाय, आधी उशी बघ."

मी आत गेलो आणि आधी उशीच उचलली. अक्कांच्या डोक्यासकट.

"तितं काय न्हाय," खाटेवरून आवाज आला. "भाकरी मगाचंच पेशंट खाल्लं."

या खेपेला त्या झोप न येणारी म्हातारी झाल्या होत्या. "लई दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाय. काय तर कर की, तम्मा."

भीतीने माझं शिकलेलं सगळं पुसून गेलं. नाडी आठवेना, बीपी आठवेना. मग आई आजारी पडली की घरी जे करतो तेच केलं. पडदा ओढला. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. पायावरची चादर सारखी करताना दिसलं, पाय चांगलेच सुजले होते, मोज्यांचे वळ खोल उठले होते.

"चेपू का?"

"चेप की."

पाय चेपता चेपता मी बोलत सुटलो. घाबरलो की मी बोलतो. काकांची आडत, कांद्याचा भाव, गावाकडची म्हैस, तिची रेडी, कुर्डुवाडीला माझी चुकलेली गाडी. कुठं थांबायचं ते मला कळत नाही, असं घरचे म्हणतात. इथं कळलं, कारण अक्का घोरायला लागल्या.

हीसुद्धा परीक्षाच असणार, असं मला वाटलं. झोपलेल्या पेशंटला विनाकारण उठवू नये एवढं एकच वाक्य पुस्तकातलं आठवलं, त्यामुळे स्टुलावर बसून राहिलो. बाहेर उमेदवार ताटकळत होते. शेवटी वॉर्डातल्या आयाबाई, पार्वतीमावशी, दार लोटून डोकावल्या. उठवू का, असं मी खुणेनं विचारलं.

"हात लावून बघ, मोडून ठेवते," मावशी कुजबुजल्या. आणि बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना "जागा भरली, घरी जावा" म्हणून पिटाळून लावलं.

अक्का उठल्या तेव्हा उन्हं उतरली होती. "नाडी न्हाय, बीपी न्हाय, मलाच झोपवलंस? हे काय मुलाखत झालं?"

"आता ह्यालाच घ्यावं लागतंय की," मावशी म्हणाल्या. "बाकीची पोरं कवाच गेली."

अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझं मुलाखत अर्धवट हाय. उद्यापासून ये. उरलेलं मागनं बघू."

ते उरलेलं पूर्ण उन्हाळाभर पुरलं. सकाळभर त्या मला राबवायच्या. सलाईनची सुई लावताना शीर चुकून मी पुन्हा टोचायला गेलो की, "तम्मा, शिवणकाम न्हाय हे." दुपारी वॉर्ड निवांत झाला की हाक यायची, "तम्मा, मुलाखत राहिलंय." रिकामी खाट, चादर, मिटलेले डोळे. मी बोलायचो. म्हशीचं संपलं की गावातली भांडणं. भांडणं संपल्यावर तर मी मनानेच नवी लावून देऊ लागलो.

एकदा चादरींच्या घड्या घालताना मी मावशींकडे कुरकुर केली, "अक्कांना पेशंट व्हायची लई हौस आहे."

मावशींनी हातातली घडी पुरी केली. "त्यांचं मालक लई बोलायचं. पडल्या पडल्या, बाईंचा डोळा लागंस्तवर बोलत ऱ्हायाचं. ते गेलं, तवापास्नं बाई घरी झोपतच न्हाईत. ड्युटी संपली तरी रातभर हितंच, खुर्चीवर. हितं निदान पेशंट खोकलल्याचा तरी आवाज येतो."

त्या दुपारी बोलता बोलता मी मुद्दाम थांबून पाहिलं. अक्कांची पापणी हलली. मी घाईघाईने पुन्हा म्हशीवर आलो.

शेवटच्या दिवशी सहीशिक्क्याचा दाखला हातात पडला. अक्कांच्या पाया पडलो आणि तोंडून गेलंच, "अक्का, कॉलेज सुरू झालं तरी सुट्टीच्या दिवशी येत जाऊ का? झोपेचं तेवढं..."

अक्का खाट झटकत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रविवारी ये." मग चादर खोचता खोचता थांबल्या. "आणि तुझ्या बोलण्यानं मला झोप लागतंय म्हणून गावभर सांगत फिरू नको. तू गप बसावंस म्हणून डोळे मिटत होते मी."