गल्ली गेली, पाळक राहिले

लिंबाजी पाळक न्हाणीत भाषण पाठ करत होते, तेव्हाच बाहेरून घराला कुलूप लागलं.

भाषण तीन पानांचं होतं. लातूर नवा जिल्हा झाल्यावर तिथे सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचा पहिला मेळावा भरत होता आणि त्यात औशाच्या चर्चच्या या पाळकांचा पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल सत्कार होता. वरवर ते "कशाला उगं" म्हणायचे, पण महिनाभर आरशासमोर शाल स्वीकारायचा सराव चालला होता. घरात मात्र त्यांच्या बोलण्याला फारशी किंमत नव्हती. उपदेश सुरू केला की सरजाबाई म्हणायच्या, "रविवारी ऐकते की. आत्ता जवारी निवडून द्या."

दुष्काळामुळे आंघोळ अर्ध्या बादलीची. पण पाळक भाषणात असे रंगले की तीही त्यांना तासभर पुरली. नवं धोतर नेसून बाहेर येतात तो घर रिकामं. दार ओढून पाहिलं, उघडेना.

"हाय का कुणी?" त्यांनी खिडकीतून हाक मारली.

कोण असणार? मंडळीचे पंच पहिल्या जीपमधून गेले. त्यांना वाटलं, पाळक घरच्यांबरोबर येतील. घरचे दुसऱ्या जीपमधून गेले. त्यांना वाटलं, एवढा मोठा माणूस, पंचांबरोबरच गेला असणार. शेजारची नीलाबाई महादेवाची पूजा आटोपून पाळकांसाठी हार घेऊन गेली होती. अख्खी गल्ली त्यांच्या कौतुकाला गेली होती. हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळावर पाळकांनी कितीदा तरी उपदेश दिला होता. पण मेंढपाळच हरवला तर मेंढरांनी काय करावं, हे त्यात कुठे नव्हतं.

इतक्यात हॉर्न वाजला. नऊ दिवसांनी टँकर आला होता. गल्लीतल्या घागरी, हंडे, डबे रांगेत नंबर धरून होते, भरायला माणूस मात्र एकही नव्हता.

ड्रायव्हर मल्लिकार्जुन खिडकीशी आला. "पाळकसाब, कुणी कोंडलं तुमाला?"

"कोंडलं न्हाई बाबा, इसरलेत."

त्यानं पान्ह्यानं कडी उचकटली. "लोक कुटं हायेत?"

"लातूरला. माझ्या सत्काराला."

मल्लिकार्जुन पोट धरून हसला. "मग बसा की टँकरात! पुढच्या गल्लीत रिकामा करतो आन् लातूरलाच चाललोय."

"आन् आमच्या गल्लीचं पाणी?"

"घ्यायला मानूस न्हाई, तर मी तरी काय करू? आता नंबर पुढच्या आठवड्यात."

पाळकांनी खिशातलं भाषण चाचपलं. शाल डोळ्यांपुढे आली. मग त्यांचं लक्ष रांगेतल्या नागुबाईच्या पोचे पडलेल्या डब्याकडे गेलं. म्हातारी दोन दिवस शेजाऱ्यांकडून तांब्या तांब्या मागून भागवत होती.

"सोड पाइप," ते म्हणाले. अगदी नाखुशीनंच म्हणाले.

त्यांनी एक्केचाळीस भांडी भरली आणि ओळखून ओळखून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवली. नवं धोतर चिखलात माखलं, भाषण ओलंचिंब झालं.

संध्याकाळी जीपा परतल्या. सरजाबाई शाल घेऊन उतरल्या, तोंड एवढंसं झालेलं. "अहो, नाव पुकारलं तवा कळलं! पंच माझ्याकडं बघायले, मी पंचांकडं. शेवटी मीच वर गेले आन् खरं सांगितलं, इसरून आलो म्हनून. सगळा हॉल हसाय लागला!"

पाळकांनी रुसायचं पक्कं ठरवलं होतं. दुपारभर त्याचीही तालीम झाली होती. पण तेवढ्यात गल्लीत एकच गलका झाला, "पानी आलंय! भरलंय समदं!" नागुबाई लगबगीनं आली आणि ओल्या हातांनी तिनं त्यांचा चेहरा कुरवाळला. "लेकरा, सत्कार सोडून पानी भरत बसलास व्हय?" पाळकांचे डोळे भरून आले. आपल्याला विसरून गेले ते बरंच झालं, देवाचे उपकार, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

सरजाबाईंनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. "आता ते भाषण वाचा. मला ऐकायचंय."

पंचवीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. पाळकांनी ओले कागद जपून उलगडले. बिशपसाहेबांचे आभार झाले, पंचांचे झाले, पेटी वाजवणाऱ्याचे झाले, प्रार्थनामंदिराला खिळे देणाऱ्या धोंडप्पा दुकानदाराचेही झाले. तिसरं पान संपलं आणि पाळकांनी ते उलटून पाहिलं.

"का वं, थांबलाव का?"

"तुजं नाव न्हाई यात."

"पान्यानं पुसलं आसंल."

"न्हाई," पाळक मान खाली घालून म्हणाले. "लिहायचंच इसरलो."

 सरजाबाई त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी करत हसल्या. "मग झाली की फिट्टंफाट!"